फक्त सभासदांसाठी

ज्या सकाळी माझा नवरा रॉय टोस्टवर लोणी फासता फासता "या वेळी बघू" म्हणाला, त्या सकाळीच मला कळलं की कौन्सिलची ही जागा आपल्या हातून जाणार.

रॉयने जन्मात निळ्या पक्षाशिवाय कुणाला मत दिलेलं नाही. फार विचार करून दिलं असंही नाही. त्याचे वडील देत होते, म्हणून तो देतो. आमच्या हॉर्नक्रॉफ्ट गावची रीतच ती. निळी फीत बांधली तर इथे मेंढासुद्धा निवडून येईल असं लोक म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, एक-दोन मेंढे मी स्वतः निवडून आणले. मी पक्षाची इथली निवडणूक प्रतिनिधी. उमेदवाराच्या मागे फिरायचं, कायदा सांभाळायचा, तो काही भलतंच बोलला तर सावरून घ्यायचं, हे माझं काम. पूर्वी या कामाला पगार होता, कचेरी होती, टाइप करणारी मुलगी होती. आता मी आहे आणि माझे गुडघे आहेत.

पोटनिवडणूक लागली ती पॉलीन ॲलनबी ऐन थंडीत गेली म्हणून. पॉलीन आमची कौन्सिलर. तिच्या जागी तिचा नवरा डेस्मंड उभा राहिला. डेस्मंडने हयातभर गुरांच्या बाजारात लिलाव पुकारले. मेंढ्यांपुढे दिवसभर बोलेल, घसा बसायचा नाही. पण माणसाच्या दारात उभा केला की याची वाचा बसते. त्याला कौन्सिलात जाण्याची काडीची हौस नव्हती.

"पॉलीनची खुर्ची आहे, मेरियन," तो मला म्हणाला होता. "तिच्यावर भलताच कुणी बसलेला मला बघवायचं नाही."

एवढ्यासाठी तो उभा होता. आणि एवढ्यासाठी मी एप्रिलच्या त्या बोचऱ्या वाऱ्यात त्याच्या मागे फिरत होते. पूर्वी आम्ही गल्लीत शिरलो की लोक खिडकीतूनच हात हलवायचे, "आमचं नक्की आहे हं!" आता पडदा जरासा हलायचा आणि घर एकदम गप्प व्हायचं. आत टीव्ही चालू असलेला मला ऐकू यायचा. देशात पक्षाने एवढी वर्षं जे गुण उधळले होते त्याचं माप आमच्या पदरात पडत होतं. पण घरचंही कमी नव्हतं. ते आम्हाला जॅनिस ट्रिगच्या दारात कळलं.

जॅनिस भाज्यांची आणि फुलांची रोपं वाढवते. मंगळवारच्या बाजारात तिचा ठेला असतो. घरात ती आणि तिची म्हातारी सासू बेरिल. तिने दार उघडलं तेव्हा हात कोपरापर्यंत मातीने भरलेले होते.

"पॉलीनचं फार वाईट वाटलं," ती म्हणाली.

"तुझी फुलं मिळाली," डेस्मंड म्हणाला. "छान होती."

"पण मत नाही मिळायचं, डेस्मंड. आधीच सांगते, उगाच तुमची खोटी नको."

मी पुढे सरसावले. "अगं जॅनिस, पण इतकी वर्षं तुमचं घर..."

"इतकी वर्षं चौकात टॉयलेट होतं, मेरियन. तुम्ही ते बंद केलंत."

डेस्मंडने टोपी काढून हातात घेतली. चौकातलं शौचालय आमच्याच कौन्सिलने बंद केलं होतं आणि त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत पॉलीन होती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"आई दर मंगळवारी यायच्या बाजारात," जॅनिस सांगू लागली. "हॅट घालून. बायकांशी गप्पा मारायच्या, माझ्या ठेल्यावर बसून गिऱ्हाइकांना चुकीची रोपं विकायच्या. आता दोन वर्षं होतील, फाटकाबाहेर पाऊल नाही. गुडघा दुखतो म्हणतात. गुडघा कसला! मध्येच घाई झाली तर जायचं कुठे? चर्चच्या कुंपणामागे? त्या वयात?"

"पबमध्ये जाता आलं असतं," मी म्हणाले, आणि म्हणताच मला माझी लाज वाटली.

"हो ना. पबमध्ये जायचं, लाजेकाजेने काहीतरी प्यायचं, म्हणजे पुन्हा अर्ध्या तासाने जायला मोकळ्या."

आतून म्हातारीचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"कुणी नाही, आई," जॅनिस म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.

गाडीत डेस्मंडने टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "पैसे नव्हते, मेरियन. पॉलीनने सगळे आकडे तपासले होते. खरंच नव्हते."

"माहीत आहे मला."

"आताही नाहीत."

"तेही माहीत आहे," मी म्हणाले, आणि आम्ही पुढच्या गल्लीत वळलो.

त्याच आठवड्यात क्लबात समितीची बैठक झाली. पक्षाचा हा क्लब भर चौकात आहे, त्या कुलूप घातलेल्या शौचालयाच्या बरोबर समोर. दाराला ओकचं जाड लाकूड आणि त्यावर पितळी पाटी: फक्त सभासदांसाठी. आत एक बिलियर्डचं टेबल आहे, त्यावर कुणी खेळत नाही. भिंतीवर मेलेल्या अध्यक्षांच्या तसबिरी आहेत, त्यांची संख्या आता जिवंत सभासदांना गाठत आली आहे. आणि मागच्या बाजूला एकदम ऐसपैस शौचालयं आहेत, पितळी नळांची, दिवसातून दोनदा पुसलेली, दिवसभरात चार माणसं वापरतात अशी.

बैठकीला पक्षाच्या वरच्या कचेरीतून पिम नावाचे एक गृहस्थ आले होते. तिशी उलटलेले, तरतरीत, तीन गावांत तीन निवडणुका हरूनही उत्साह न गेलेले. त्यांनी संगणक उघडला.

"लोक चिडलेले आहेत," पिम म्हणाले. "नवा पक्ष त्या चिडण्यावर मतं घेतोय. आपण त्यांच्याहून जास्त चिडलेलं दिसलं पाहिजे. तुमच्याकडे ते जुनं हॉटेल आहे ना, स्टेशन रोडवरचं? तिथे परदेशातून आलेल्यांना आणून ठेवणार अशी चर्चा आहे. पत्रक काढू. 'हे आम्ही होऊ देणार नाही.'"

"काय होऊ देणार नाही?" डेस्मंडने विचारलं.

"तेच. माणसं आणून ठेवणं."

"त्याला छप्पर नाही."

"कशाला?"

"हॉटेलला. गेल्या वादळात उडालं. तिथे कबुतरंसुद्धा राहायला तयार नाहीत. कुणीच येणार नाही ते मी कसं थांबवू?"

"मिस्टर ॲलनबी, मुद्दा तो नाही..."

"माझा तोच आहे," डेस्मंड म्हणाला.

तेव्हा अध्यक्ष नॉर्मन स्टब्सने टेबलावर मूठ आपटली. नॉर्मनचा बियाण्यांचा मोठा धंदा होता. आता तो मुलाकडे आहे आणि नॉर्मनकडे फक्त क्लब आहे. "बरोबर आहे! आपण आपली तत्त्वं सोडायची नाहीत. मग जागा गेली तरी बेहत्तर!"

"कुठली तत्त्वं, नॉर्मन?" डेस्मंडने शांतपणे विचारलं.

"कुठली म्हणजे? आपली!" नॉर्मन गोंधळला. "तत्त्वं रे! जी... नेहमीची!"

कुणी हसलं नाही, कारण आमच्यातल्या कुणालाच याहून बरं उत्तर आलं नसतं. डेस्मंड उठून उभा राहिला. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा बाजारातल्यासारखं बोलताना ऐकलं.

"माझ्या बापाने मला सांगितलं होतं, आपण निळे का. खोटं बोलायचं नाही. खिशात नाही ते वाटायचं नाही. आणि शेजाऱ्याला अडचण आली तर आधी शेजाऱ्याने उठायचं, सरकारने मग. त्यात दारावर पाटी लावा असं कुठे होतं ते मला आठवत नाही. बेरिल ट्रिग दोन वर्षं घरात कोंडून बसलीय, आणि आपल्या मागच्या बाजूला ते पितळी नळ चकाकतायत. कौन्सिलकडे पैसे नाहीत, ठीक. आपल्याकडे तर दार आहे. मंगळवारी उघडू."

"क्लबात?" नॉर्मनचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बाजारातली माणसं? चिखलाचे बूट? आपल्या संडासात?"

"बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही हा पहिल्यापासूनचा नियम आहे," दुसरं कुणी म्हणालं.

"बायकांना घ्यायचं नाही हाही होता," मी म्हणाले. "मी इथे बसलेय."

पिम मात्र खुर्चीतून जवळजवळ उठलेच. "अहो, हे फार छान आहे! फोटो काढू. पत्रक छापू. 'निळ्यांनी दार उघडलं!' याच मंगळवारी सुरू करू."

आता बोलणं मलाच भाग होतं. "अजिबात नाही. मतदानाआधी मतदाराला काही द्यायचं नाही. चहा पाजला तरी कोणीतरी तक्रार करतं. मी डेस्मंडला पबमध्ये कुणाचा ग्लास भरू देत नाही, तुम्ही आख्खा क्लब खुला करायला निघालात. उद्या नवा पक्ष म्हणेल, मतं विकत घेतली. निवडणूकच रद्द व्हायची."

आता वाटतं, कायद्याला एवढ्या लहान गोष्टीत रस नसेलही. पण मला जन्मभराची सवय. मी नाही म्हटलं आणि डेस्मंडला ते एकदम पटलं.

"मेरियनचं बरोबर आहे. मतासाठी केलं तर ती मदत नाही, सौदा झाला. मतदान झालं की उघडायचं. जिंकलो तरी, हरलो तरी. आणि तोवर बाहेर एक अक्षर बोलायचं नाही."

"मग त्याचा उपयोग काय?" पिम अगदी मनापासून म्हणाले.

"बेरिलला होईल," डेस्मंड म्हणाला, आणि त्याने नॉर्मनपुढे तळहात धरला. गुरांच्या बाजारात सौदा पक्का करायचा तो असा, हातावर हात मारून. मग कागद लागत नाही. नॉर्मनने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं. निवडणुकीनंतर कोण कशाला लक्षात ठेवतंय असं त्याला वाटलं असावं. त्याने हात मारला. समितीतल्या कुणी हरकत घेतली नाही, आणि मी इतिवृत्तात ठराव संमत असं लिहून खाली नॉर्मनची सही घेतली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. नव्या पक्षाचा उमेदवार गालिचे विकायचा, हसतमुख, गप्पिष्ट, मलाही आवडायचा. तो सगळ्यांना सगळं देत सुटला होता. कर कमी करणार. खड्डे बुजवणार. बस परत आणणार. शौचालयही उघडणार. पैसे कुठून आणणार असं विचारलं की म्हणायचा, "त्यांनी चोरले तिथूनच!" आणि लोक टाळ्या वाजवायचे. आमच्याकडे द्यायला काय होतं? नसलेल्या पैशांची खरी माहिती.

मतदानाआधीच्या मंगळवारी आम्ही बाजारात फिरत होतो. जॅनिसच्या ठेल्याभोवती बऱ्याच बायका होत्या. तिने डेस्मंडला लांबूनच हाक मारली. मला वाटतं, ती त्याला एक संधी देत होती. त्याला मत द्यायचं कारण ती स्वतःच शोधत होती.

"डेस्मंड, सगळ्यांसमोर विचारते. टॉयलेट उघडणार का, नाही?"

बायका वळून बघू लागल्या. डेस्मंडच्या पाठीमागे क्लबाचं दार होतं.

"कौन्सिलकडे पैसे नाहीत, जॅनिस," तो म्हणाला. "उघडतो म्हणालो तर खोटं होईल."

"तो गालिचेवाला तर उघडतो म्हणतो."

"तो म्हणेल."

"निदान तो म्हणतो तरी!" एक बाई मागून ओरडली, आणि सगळ्या हसल्या. जॅनिस हसली नाही. ती टोमॅटोची रोपं पुन्हा मांडू लागली.

मी डेस्मंडच्या शेजारी उभी होते, जीभ दातांखाली दाबून. एक वाक्य बोलले असते तर तिथली निम्मी मतं फिरली असती. आणि गंमत अशी की गप्प राहण्याचा नियम माझाच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला त्या घटकेला डेस्मंडचा भयंकर राग आला, त्याच्या खरेपणाचा, त्याच्या टोपीचा, सगळ्याचाच. आणि त्या रागाखाली अभिमानही होता, हेही सांगितलं पाहिजे. असा उमेदवार मला याआधी मिळाला नव्हता. नेमका हरणार होता तेव्हाच मिळाला.

हरलोच. एका बसमध्ये मावतील एवढ्या मतांनी हरलो. शाळेच्या व्यायामशाळेत निकाल वाचला गेला तेव्हा नव्या पक्षाची माणसं नाचली. पिम फोनवर बोलत बोलत कुठेतरी निघून गेले. डेस्मंड सरळ गालिचेवाल्याकडे गेला, त्याने हात मिळवला.

"तिची खुर्ची खिडकीजवळची आहे," तो त्याला म्हणाला. "वारा येतो तिथे. कोट घालून बसत जा."

गालिचेवाल्याचं हसू जरा खाली आलं. "बसेन," तो म्हणाला. मला तिथून निघून जावंसं वाटलं. गाडीत बसून मी रडले. रॉयने काही विचारलं नाही. त्याने कुणाला मत दिलं तेही मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

सोमवारी पुन्हा समिती बसली. टेबलावर मांस भरलेली पोर्क-पाई कापून ठेवली होती, कुणी खात नव्हतं. डेस्मंडने उद्याची आठवण करून दिली.

"उद्याची कसली?" नॉर्मन म्हणाला. "लोकांनी त्या गालिचेवाल्याला मत दिलंय ना? मग त्याच्या दुकानात जाऊ देत. गुंडाळलेल्या गालिच्यांमागे भरपूर जागा आहे."

काहीजण हसले. हरलेल्या माणसाला असलं हसू फार गोड लागतं.

"हात मारला होतास, नॉर्मन."

"तेव्हा आपण जिंकणार होतो."

"हरलो तरी, असं म्हणालो होतो."

"अरे, असं म्हणतात! हरल्यावर काय करायचं ते हरायच्या आधी कुणी खरंच ठरवतं का? आता मत घेऊ. दार उघडू नये, या बाजूने कोण?"

हात वर गेले. उघडावं, या बाजूनेही गेले. मी दोनदा मोजले. समसमान. नॉर्मन खुर्चीत आरामात मागे टेकला, कारण समसमान मतं पडली की शेवटचं मत अध्यक्षाचं.

मी फार थकले होते. मला घरी जाऊन पाय गरम पाण्यात ठेवायचे होते. पण आयुष्यभर नियम सांभाळून एक खोड जडलेली असते.

"नॉर्मन, अध्यक्षाचं मत कुठे पडतं ते तुला माहीत आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे की. समसमान झालं तर अध्यक्ष बदलाच्या बाजूने जात नाही. आहे ते आहे तसं ठेवतो. आजवर मी तेच केलंय. माझ्या आधी यांनी तेच केलं." त्याने भिंतीवरच्या तसबिरींकडे हात केला. "दार बंद आहे, बंद राहील."

"दार बंद आहे," मी म्हणाले, "पण ठराव उघडण्याचा आहे. इथेच संमत झालाय, तुझी सही आहे त्यावर. उघडायचं हे ठरलेलं आहे, नॉर्मन. बंद ठेवायचं हा बदल आहे. तो तू आज सुचवतोयस."

 नॉर्मन खुर्चीत सरळ झाला. त्याचं सगळं आयुष्य त्या एका शिरस्त्यावर उभं होतं: मध्येच मोडायचं नाही, ठरलंय ते चालू द्यायचं. गावात कुणी त्याला कंजूष म्हटलं असतं तर तो हसला असता. ठरलेलं मोडणारा म्हटलेलं त्याला सोसलं नसतं. त्याने डेस्मंडच्या तळहाताकडे पाहिलं, जणू तो अजून पुढेच धरलेला होता.

"तुझं काही बरं व्हायचं नाही, मेरियन," तो म्हणाला. "उघडा. पण चिखल मी पुसणार नाही."

मंगळवारी सकाळी आम्ही ते जाड दार सताड उघडलं आणि पाटीखाली एक कागद चिकटवला: आज सर्वांसाठी. शौचालय आत, डावीकडे. मग आम्ही वाट बघत बसलो. कुणी आलं नाही. लोक थबकायचे, कागद वाचायचे, खाकरून पुढे जायचे. आमच्या गावात कुणालाच पहिलं व्हायला आवडत नाही, त्यातून या कामासाठी तर नाहीच. नॉर्मन खिडकीशी उभा राहून दर थोड्या वेळाने "बघा!" म्हणत होता.

दुपार कलता कलता जॅनिस ठेल्यावरून उठून आली. हात पुसत पुसत तिने कागद वाचला, आत डोकावली, आणि परत गेली. मग तिने शेजारच्या ठेलेवाल्याला काहीतरी सांगितलं आणि गाडी घेऊन निघून गेली. परत आली तेव्हा शेजारच्या सीटवर बेरिल होती. डोक्यावर हिरवी हॅट.

म्हातारी पायऱ्यांशी येऊन थांबली. तिने पाटी वाचली, कागद वाचला, पुन्हा पाटी वाचली. आणि मी जे बघितलं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही: नॉर्मन स्टब्स खाली उतरला आणि त्याने हात पुढे केला.

"जपून, बेरिल. तिसरी पायरी निसरडी आहे."

"नॉर्मन, तुझ्या वडिलांनी मला एकदा या दारातून हाकललं होतं," बेरिल म्हणाली.

"त्यांनी मलाही हाकललं होतं," नॉर्मन म्हणाला, आणि दोघं हळूहळू आत डावीकडे गेली.

जॅनिस आमच्यापुढे उभी राहिली. "हे कधी ठरलं?"

मी डेस्मंडकडे पाहिलं. तो म्हणाला, "निवडणुकीआधी."

"मी भर बाजारात विचारलं, तेव्हा ठरलेलं होतं?"

"होतं."

"आणि तू गप्प बसलास."

"सांगितलं असतं तर मत विकत घेतल्यासारखं झालं असतं, जॅनिस."

मला वाटलं, आता तिच्या डोळ्यांत पाणी येईल. खरं सांगते, त्या सगळ्या रखडपट्टीत अभिमान वाटावा अशी तेवढी एकच गोष्ट माझ्याजवळ होती. पण तिचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे एका संडासापायी मी विकली जाईन असं वाटलं तुम्हाला."

"तसं नव्हतं गं..." मी म्हणाले.

"तसंच होतं. बंद केलंत तेव्हा कुणी विचारलं नाही. एका सकाळी कुलूपच दिसलं. उघडायचं ठरवलंत तेव्हाही सांगितलं नाही. वाईट करायचं तेही तुम्ही आत बसून ठरवता आणि चांगलं करायचं तेही. पैसे नाहीत हे मला कळलं नसतं का? मी ठेला चालवते, डेस्मंड, रोज तेच बघते. पॉलीन एकदा माझ्या दारात येऊन म्हणाली असती ना, की जॅनिस, पैसे संपलेत, काय करू या, तर मी तिला तेव्हाच सांगितलं असतं, क्लबाचं दार उघडा म्हणून. मला सुचलं असतं. कुणालाही सुचलं असतं. आईंची दोन वर्षं वाचली असती."

 दारोदार फिरण्यात माझी उमर गेली, आणि मी प्रत्येक दारात काय मागितलं ते त्या क्षणी मला दिसलं. मत मागितलं. मत काय आहे ते कधी विचारलं नाही.

डेस्मंड दाराजवळच्या बाकावर बसला. बसला म्हणजे कोसळलाच.

"ती येणार होती," तो म्हणाला.

"कोण?"

"पॉलीन. टॉयलेट बंद करायचा ठराव झाला त्या संध्याकाळी. म्हणाली, बाजारवाल्या बायकांच्या घरी जाऊन सांगते, आधी ट्रिगकडे. कोट घालून दारापर्यंत गेली होती. मी म्हणालो, कशाला जातेस, शिव्या खाशील, लोकांना पैशाचं काय कळतंय." त्याने टोपी बाकावर ठेवली. "माझं ऐकून तिने कोट काढून ठेवला."

बाहेर बाजार आवरायला लागला होता. जॅनिसने आपल्या ठेल्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती आता निघून जाईल, आणि गेली असती तर मी तिला दोष दिला नसता. इतक्यात बेरिल नॉर्मनच्या हाताला धरून परत आली, हॅट सरळ करत, दोन वर्षांनी आलेल्या माणसासारखी सगळीकडे बघत.

जॅनिसने बाकावरची डेस्मंडची टोपी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

"आई, बसा जरा," ती म्हणाली. "डेस्मंड, सरक तिकडे. आणि आता नीट सांग. कौन्सिलकडे आणखी कशाकशाला पैसे नाहीत?"

डेस्मंड सरकला. तो पहिल्यापासून सांगू लागला, आणि मी चहाची किटली चढवायला आत गेले.